तान्हे बाळ आणि एकटीचा विमानप्रवास

व्यापारी घरात प्रवासाचा मुहूर्त पंचांगापेक्षा दुकान अधिक ठरवते. दिवाळीच्या आधीचा महिना, लग्नसराई, मार्चअखेरचा हिशेब, या दिवसांत घरातील कर्ता पुरुष गल्ला सोडून हलू शकत नाही. यात कोणाचा दोष नाही. धंद्याचे स्वरूपच तसे आहे. मात्र त्यामुळे आजाऱ्याची भेट, माहेरचे कार्य, दूरच्या नणंदेचे बाळंतपण अशा जबाबदाऱ्या घरातील स्त्रीकडे येतात, आणि तिच्या कडेवर तान्हे मूल असले की त्या 'पुढे पाहू' या दोन शब्दांत बांधून माळ्यावर टाकल्या जातात.

बदलापूर पूर्वेकडील कात्रपहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे माहेर चेन्नईच्या साहुकारपेठेतले. वडिलांना पक्षाघात झाला आहे. त्यांना प्रवास शक्य नाही, आणि सात महिन्यांच्या नातवाला त्यांनी अद्याप पाहिलेले नाही. यजमानांचे दुकान ऐन हंगामात आहे. सासऱ्यांच्या डोळ्यांवर नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे. "एकटीने बाळाला घेऊन विमानाने जावे म्हणते, पण घरात कोणालाच ते पटत नाही. सोबत म्हणून आजेसासूबाईंना पाठवण्याची तयारी चालली आहे. काय करावे?" असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रथम आजेसासूबाईंविषयी. ज्या घरात सुनेची इतकी काळजी आहे, त्या घराचा आदरच वाटतो. परंतु ऐंशीच्या घरातील वृद्धेला सोबत देणे म्हणजे एका बाळाऐवजी दोन माणसांची देखभाल त्या सुनेवर सोपवणे होय. खुर्चीगाडी कोणी ढकलायची, औषधांची वेळ कोणी पाळायची, आणि त्याच क्षणी बाळ रडू लागले तर? सोबत द्यायचीच असेल तर सामान उचलू शकणारी द्यावी. तशी नसेल तर एकटीने जाणे अधिक सुरक्षित आहे, हे माझे स्पष्ट मत आहे.

रेल्वेचा पर्यायही घरात निघाला असेल. चेन्नईकडे जाणाऱ्या गाड्या कर्जत मार्गाने, म्हणजे बदलापूर स्थानकातूनच धडधडत जातात. पण त्या तेथे थांबत नाहीत, आणि त्यांना गाठण्यासाठी उलटे कल्याणला जावे लागते. पुढे जवळजवळ एक दिवस आणि एक रात्र. त्या अवधीत आईला स्वच्छतागृहात जायचे झाले तरी बाळ कोणाच्या स्वाधीन करायचे, हा प्रश्न दर तीन तासांनी उभा राहतो. विमानाला दोन तास लागतात. एकटीसाठी हा फरक पैशात मोजण्यासारखा नाही.

'आपल्यात असे कोणी केले नाही' हे वाक्य अशा वेळी हमखास येते. पंडिता रमाबाई १८८३ साली दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन बोटीने इंग्लंडला गेल्या. त्या वेळी बरोबर एक मैत्रीण तरी होती. १८८६ मध्ये मात्र त्याच मुलीला घेऊन त्यांनी अटलांटिक ओलांडला आणि डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या ११ मार्चच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियात हजर राहिल्या. मनोरमा तेव्हा पाच वर्षांचीही नव्हती. विधवा, वयाने अठ्ठावीसच्या आतबाहेर, आणि समुद्रावर आठवडे. त्यापुढे मुंबई ते चेन्नई हे अंतर आजीच्या खोलीतून स्वयंपाकघरात जाण्याइतकेच म्हणावे लागेल.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. बाळाला घेऊन एकटीने जाणाऱ्या स्त्रीला धैर्य कमी पडत नाही. तिला हात कमी पडतात. दोनच हात, आणि त्यांतला एक सदैव बाळाखाली. तेव्हा प्रवासाची सारी आखणी एकाच कसोटीवर करावी: कोणत्या क्षणी तिचा हात मोकळा राहील? घरच्यांनी मदत करायची ती येथेच.

आणि नेमके येथेच आपली मंडळी चुकतात. सून माहेरी निघाली की पिशव्या निघतात. खाखरे, मिठाईचा पुडा, विहीणबाईंसाठी साडी, मेहुण्यांच्या मुलांसाठी कपडे, शेजारच्या काकूंनी 'जाताच आहेस तर' म्हणून दिलेले पार्सल. देशांतर्गत विमानात साध्या तिकिटावर सामान्यतः १५ किलो सामान पोटात आणि ७ किलो हातात नेता येते. म्हणून वजनकाट्यावर पिशवी ठेवून 'अजून दोन किलो बसते' असा हिशेब घरात होतो. वजन बसते, हात बसत नाही. ज्यांची हयात माल पाठवण्यात गेली, ज्यांना देशातील प्रत्येक ट्रान्सपोर्टवाल्याचे भाडे तोंडपाठ आहे, त्यांनी चार किलो मिठाई सुनेच्या खांद्यावर का लादावी, हे कोडे मला आजवर उलगडलेले नाही. भेटवस्तू चार दिवस आधी पार्सलने रवाना कराव्यात. सुनेबरोबर एकच चाकाची बॅग असावी, आणि ती विमानतळावर पोचताच खिडकीवर जमा व्हावी.

अंगावर काय असावे? पाठीवर दोन्ही खांद्यांची पिशवी. एका खांद्याची नको, ती वाकताच घसरून बाळाच्या डोक्यावर येते. बाळ पुढे झोळीत बांधलेले. शेतावर जाणाऱ्या बाया पिढ्यान्पिढ्या मूल पाठीशी बांधून दोन्ही हातांनी काम करीत आल्या. आज तीच झोळी बकलांसह दुकानात मिळते. कागदपत्रे आणि भ्रमणध्वनी गळ्यात अडकवायच्या लहान पाकिटात. घडीची बाबागाडी न्यायची असेल तर बहुतेक विमानकंपन्या ती विनामूल्य नेतात आणि विमानाच्या दाराशी घेतात. पण ती एका हाताने मिटते का, हे घरी बाळ कडेवर घेऊनच तपासून पाहावे. मिटत नसेल तर ती बाबागाडी या प्रवासाच्या कामाची नाही.

कागदपत्रांत आपल्याकडे एक विशिष्ट घोटाळा होतो. लग्नानंतर सासरी नाव बदलते, तिकीट यजमान काढतात ते नव्या नावाने, आणि आधार कार्डावर मात्र माहेरचेच नाव असते. विमानतळाच्या दारावरील जवान तिकीट व ओळखपत्र यांतील नाव ताडून पाहतो. तिकीट काढण्यापूर्वी ओळखपत्र समोर ठेवावे आणि त्यावरील नाव अक्षरशः तसेच लिहावे. बाळ दोन वर्षांच्या आत असल्याने ते आईच्या मांडीवर जाते. त्याचे भाडे अल्प असते, पण तिकिटावर त्याचे नाव असावेच लागते आणि वयाचा पुरावाही लागतो. जन्माचा दाखला सर्वोत्तम. नगरपरिषदेच्या नोंदीत पुष्कळदा बाळाच्या नावाची जागा कोरी राहिलेली असते, कारण बारसे नंतर होते. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. नाव नोंदवायला त्यानंतरही मुदत असते आणि पहिल्या १२ महिन्यांत त्यासाठी शुल्क पडत नाही. ते काम प्रवासाआधी उरकून घ्यावे.

ज्या भगिनी परदेशी जाणार असतील त्यांच्यासाठी थोडक्यात: तान्ह्या बाळालाही स्वतंत्र पासपोर्ट लागतो. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच चालतो. अर्जाबरोबर दोन्ही पालकांच्या संमतीचे प्रतिज्ञापन जोडावे लागते. लहान मुलाच्या पासपोर्टचे साधे शुल्क १००० रुपये आणि मुदत ५ वर्षे असते. शेंगेन देशांच्या व्हिसासाठीही दोन्ही पालकांची संमती मागतात. अँटवर्पला यजमानांकडे निघालेल्या सुनेनेही पतीचे संमतीपत्र नोटरी करून जवळ ठेवावे. पती तिकडे वाट पाहत उभा आहे, हे सीमेवरच्या अधिकाऱ्याला आपल्या चेहऱ्यावरून कळत नसते.

आता कात्रपहून निघू या. या साऱ्या प्रवासातील अवघड टप्पा आकाशातला नाही, तो जमिनीवरचा आहे. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे लोहमार्गाचे अंतर सुमारे ६८ किलोमीटर. सकाळच्या लोकलमध्ये एकट्या माणसाला पाय ठेवणे कठीण, तेथे झोळीतले बाळ नेण्याचा विचारही नको. दुपारच्या मोकळ्या वेळी हलक्या सामानानिशी घाटकोपरला उतरून मेट्रोने मरोळ नाक्यापर्यंत आणि तेथून भुयारी मेट्रोने टर्मिनल २ पर्यंत जाता येते. ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय झाली आहे. पण दोन बदल आणि जिने यांचा विचार करता, सोबत पोचवायला कोणी असेल तरच हा मार्ग धरावा. एरवी मोटारच बरी. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरूनही विमाने उडू लागली आहेत, आणि कात्रपकरांना ते विमानतळ मुंबईपेक्षा पुष्कळ जवळ पडते. थोडे भाडे अधिक पडले तरी तेथून सोयीचे विमान मिळते का, ते आधी पाहावे. तिकिटावर विमानतळ कोणते आणि टर्मिनल कोणते, हे मात्र दोनदा वाचावे.

मोटारीत बाळाला घेऊन पुढच्या आसनावर बसू नये. मागे बसावे, पट्टा लावावा. बाळाचे स्वतंत्र आसन असेल तर उत्तम. पावसाळ्यात वेळेचा हिशेब दुप्पट धरावा. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले, त्यांत नऊ गर्भवती होत्या; हे आपल्या परिसराला सांगायला नकोच. जुलै-ऑगस्टमध्ये पहाटेचे विमान असेल तर आदल्या रात्री विमानतळाजवळच्या नातलगाकडे मुक्काम करावा.

विमानतळाच्या दाराशी यजमानांची सोबत संपते. तिकीट नसलेल्याला आत जाता येत नाही. म्हणून त्याआधीच्या दहा मिनिटांत बाळाचा लंगोट बदलणे, पाण्याची बाटली वर काढून ठेवणे, बॅग ढकलगाडीवर चढवणे, ही कामे यजमानांनी करावीत. निरोप त्यानंतर घ्यावा. मुंबई विमानतळावर 'प्रणाम' नावाची सशुल्क सेवा आहे. तिचा मदतनीस प्रवाशाला दारापासून विमानाच्या फाटकापर्यंत सोबत करतो. मिठाईच्या दोन पुड्यांचा खर्च वाचवून ही सोबत घेता आली तर घ्यावी. बाळासह प्रवास करणारीला बहुधा खिडकीवर जावेच लागते. देशांतर्गत विमानाची खिडकी सामान्यतः सुटण्याच्या एक तास आधी बंद होते. दोन तास आधी पोचलात तर धावपळ होत नाही.

सुरक्षा तपासणीत झोळी सोडून बाळाला बाहेर काढावे लागते. स्त्रियांची तपासणी पडद्याआड महिला जवान करतात, तेथे बाळ कडेवरच असते. बांगड्या, कंबरपट्टा, जाड पिना असले काही त्या दिवशी अंगावर नसावे. बाळाचे दूध, पेज, औषध यांना द्रवपदार्थांच्या मर्यादेतून सवलत आहे, आणि बाळाचा वाटेतील आहार हातातील सामानात मोजत नाहीत. मात्र ते सारे एका वेगळ्या पिशवीत ठेवून 'हे बाळाचे आहे' असे आपणहून सांगावे. जवानाने बाटली उघडून दाखवायला सांगितली तर रागावू नये. तो त्याचे काम करीत असतो.

विमानात बाळ-माता जोड्या एका ओळीत एकापेक्षा अधिक बसवत नाहीत. याचे कारण वर छतात दडलेले आहे: प्रत्येक ओळीवर आसनांपेक्षा एखादाच अधिक प्राणवायूचा मुखवटा असतो. संकटकालीन दाराजवळची आसनेही बाळासह मिळत नाहीत. बाळासाठी आईच्या पट्ट्यात ओवायचा एक लहान पट्टा विमानसेविका देतात. आईचाच पट्टा दोघांभोवती गुंडाळणे धोक्याचे, कारण धक्का बसला तर आईच्या शरीराचा सारा भार बाळावर येतो. लहान पट्टा ज्या-त्या वेळी लावावा, आणि बाळ झोपले म्हणून मध्येच सोडू नये.

हा विषय जगभर अजून मिटलेला नाही. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत सू सिटी येथे युनायटेडचे डीसी-१० विमान कोसळले. त्यात मांडीवरची चार मुले होती आणि त्यांतील एक दगावले. बाळांना जमिनीवर ठेवून घट्ट धरा, अशी तत्कालीन नियमाप्रमाणे सूचना देणारी विमानसेविका जॅन ब्राउन ती सूचना कधी विसरू शकली नाही. प्रत्येक बाळाला स्वतंत्र आसन असावे म्हणून ती पुढे अनेक वर्षे झटली. सरकारने ते सक्तीचे केले नाही. त्यांचा युक्तिवाद असा, की जादा तिकिटाच्या खर्चामुळे कुटुंबे विमान सोडून मोटारीने जातील, आणि रस्त्यावर त्याहून अधिक मुले मरतील. युक्तिवाद कठोर आहे, पण हिशेब खोटा नाही. ज्यांना परवडते त्यांनी बाळाचे आसन विकत घेण्याविषयी विमानकंपनीला अवश्य विचारावे. इतरांनी घाबरून जायचे कारण नाही. कात्रपहून विमानतळापर्यंतचा रस्ता या दृष्टीने आकाशापेक्षा अधिक जोखमीचा आहे.

आता कान. याविषयी घरोघरी अर्धीच माहिती असते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. विमान तीस-पस्तीस हजार फुटांवर असले तरी आतील हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवरील डोंगरावर असावा तितका राखलेला असतो. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर असतो त्याहूनही थोडा कमी. कानाच्या पडद्यामागील पोकळी आणि घसा यांना जोडणारी एक नळी असते. गिळताना ती उघडते आणि दोन्हीकडचा दाब सारखा होतो. वर जाताना आतली हवा आपोआप बाहेर पडते, फारसा त्रास होत नाही. उतरताना बाहेरचा दाब वाढतो, नळी मिटूनच राहू पाहते, आणि पडदा आत ओढला जाऊन दुखतो. मोठी माणसे आवंढा गिळतात, जांभई देतात. बाळाला ते सांगता येत नाही. त्याला दूध पाजणे हाच उपाय.

बहुतेक माता विमान उडताना पाजतात. बाळ तृप्त होऊन झोपते, आणि नेमके उतरताना, जेव्हा गरज असते तेव्हा, ते झोपेत असते किंवा त्याचे पोट भरलेले असते. चेन्नईचा प्रवास दोन तासांचा. उतरणे सुमारे अर्धा तास आधी सुरू होते. उडताना थोडेसेच पाजावे, चोखणे चालू राहील इतपत, आणि खरे पाजणे उतरण्यासाठी राखून ठेवावे. 'उतरायला लागलो की सांगा' असे विमानसेविकेला आधीच सांगून ठेवावे. बाळ झोपले असेल तर अलगद जागे करावे. तरीही रडलेच तर रडू द्यावे. रडतानाही ती नळी उघडते. सर्दी वा कान फुटलेला असेल तर मात्र निघण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि ते नको म्हणाले तर तारीख बदलावी.

प्रवासात बाळ शांत राहावे म्हणून 'थोडे सर्दीचे औषध पाज, झोपेल' असा सल्ला देणारे कोणीतरी घरात भेटतेच, आणि आपल्या समाजात औषधविक्रेतेही पुष्कळ असल्याने बाटली हाताशीच असते. एके काळी मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या माता तान्ह्यांना अफूची बाळागोळी देत. त्यांची परिस्थिती तरी लाचारीची होती. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना बाटलीवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊच नयेत, असे केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा बजावले. झोप आणण्यासाठी औषध पाजणे हा उपाय नव्हे. मध्य प्रदेशात त्याच सुमारास दूषित खोकल्याच्या औषधाने लहान मुले दगावली, त्यानंतर तरी हा सल्ला घरात कोणी देऊ नये.

बाळाच्या आहाराविषयी फार लिहीत नाही, ते प्रत्येक आईला ठाऊक असते. वरचे दूध असेल तर पावडर डब्यांत मोजून न्यावी आणि उकळून गार केलेले पाणी थर्मासमध्ये. कालवलेले दूध दोन तासांच्या पुढे ठेवू नये. सात महिन्यांच्या बाळाला मऊ भात वा मुगाच्या पाण्याचा घास सवयीचा असेल तर तोच न्यावा, नवे काही त्या दिवशी देऊन पाहू नये.

आईच्या जेवणाविषयी मात्र लिहिलेच पाहिजे, कारण तेच विसरले जाते. लांबच्या विमानांत जैन आहार आधी सांगून मिळतो. तिकिटाबरोबर वा किमान एक-दोन दिवस आधी त्याची नोंद करावी लागते. देशांतर्गत स्वस्त विमानांत तशी खात्री नसते, म्हणून खाखरा-थेपला आणि पाणी जवळ असावे. बाळ मांडीवर असताना गरम चहा मुळीच घेऊ नये. शेजाऱ्यालाही 'जरा जपून' म्हणावे. आणि अंगावर पाजणाऱ्या मातेने प्रवासाच्या दिवशी उपवास वा निर्जळ व्रत धरू नये. काही सासूबाईंना हे रुचणार नाही. पण आपल्या सोळा भावनांत 'शक्तितस्तप' म्हटले आहे, त्यातला 'शक्तितः' हा शब्द उगीच आलेला नाही. विमानातील हवा कोरडी असते. आई तहानलेली राहिली तर त्याची झळ बाळाच्या दुधाला बसते.

उड्डाणापूर्वी विमानसेविका एक सूचना देतात: मुखवटा प्रथम स्वतःला लावा, मग मुलाला. आपल्या घरांतील स्त्रियांना ही सूचना ऐकायला निष्ठुर वाटते. तिचे कारण साधे आहे. पस्तीस हजार फुटांवर आतील दाब गेला तर माणसाची शुद्ध जेमतेम अर्धा ते एक मिनिट टिकते. तेवढ्यात बाळाला मुखवटा बसवताना आईच बेशुद्ध पडली, तर बाळाचा मुखवटा सरकल्यावर तो नीट करणारे कोणी उरत नाही.

रडण्याविषयी. २०१६ साली आपल्याकडील एका विमानकंपनीने काही ओळी बारा वर्षांखालील मुलांना न देण्याचे ठरवले, तेव्हा पुष्कळांनी टाळ्या वाजवल्या. शांतता हवी असणे चूक नाही. पण ज्याला शांत ओळ हवी त्याने ती घ्यावी. बाकीच्या विमानात बाळाला रडण्याची मुभा आहे. बाळ रडले म्हणून शेजाऱ्यांची सारखी क्षमा मागत बसू नये. त्या गडबडीत बाळाला काय हवे आहे तेच आईला सुचेनासे होते. उलट शेजारी बसणाऱ्याला सुरुवातीलाच एक काम सांगावे: 'मला पिशवी वर ठेवून द्याल का?' काम सांगितलेला माणूस पुढचे दोन तास बहुधा आपल्या बाजूचा होतो.

चेन्नईला उतरल्यावर घाई करू नये. सर्व प्रवासी उतरू द्यावेत. बाबागाडी दाराशी मिळेल की सामानाच्या पट्ट्यावर, हे विचारून घ्यावे, कारण विमान दूर उभे राहिले तर जिना उतरून बसने जावे लागते. भावाने बाहेर कोणत्या दारासमोर उभे राहायचे, ते फोनवर ठरवावे. घरी पोचल्यावर बाळाला लगेच वडिलांपुढे नेण्याचा मोह होईल. आधी त्याला पाजून एक झोप होऊ द्यावी. पक्षाघाताने वडिलांचा उजवा हात गेला आहे असे आपण लिहिले आहे. तेव्हा त्यांना पाठीशी उशी देऊन बसते करावे, बाळ त्यांच्या डाव्या अंगाला ठेवावे, आणि आपला एक हात बाळाच्या पाठीमागे असू द्यावा. त्यांना जोर लावावा लागणार नाही, आणि मांडीवर नातू आहे एवढे त्यांना जाणवेल.

परतीचे तिकीट सकाळचे घ्यावे, म्हणजे कात्रपला दिवेलागणीच्या आत पोचता येते. निघताना चेन्नईची मंडळीही पिशव्या भरतील, केळ्यांच्या वेफर्सपासून सिल्कच्या साड्यांपर्यंत. त्या भावाने दोन दिवसांनी पार्सलने पाठवाव्यात, पत्ता कात्रपच्या दुकानाचा घालावा.